एकच फाइल

"हा बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा आहे गं," सलिल म्हणाला. "चिपच वेगळी. आपलं काहीएक चालणार नाही याच्यावर."

"चालेल," दीप्ती म्हणाली आणि लॅपटॉप खताच्या पोत्यांवर ठेवला.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबापासून तासाभरावर ग्लेन या शेतकऱ्याची शेड होती. बाहेर त्याची ज्वारी, कडेने पाट आणि पाटावर एक लोखंडी दार. ते आपोआप उघडावं-मिटावं ही करामत सलिलच्या तीन माणसांच्या कंपनीची. काल वीज पडून दाराची मोटर चालवणारा मूळ बोर्ड जळला होता, आणि बदली मिळाला तो हा. उरलेल्या चाळीस दारांचं काम यांना द्यायचं की नाही, हे ग्लेन आजच ठरवणार होता. तो नाही म्हणाला असता, तर कंपनीला कुलूप आणि तिच्या भरवशावर असलेल्या दीप्तीच्या व्हिसालाही घरघर.

गंमत म्हणजे बोर्डावरच्या कोडवरूनच काही महिन्यांपूर्वी दोघं कडाकडा भांडले होते. कर्नल हा त्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा गाभा. चिपशी बोलायचं ते त्यानेच. पण जुन्या कोडमध्ये कुणीही उठायचं आणि कुठूनही थेट चिपमध्ये हात घालायचा. दीप्तीने ते बंद केलं. बाकीच्या कोडने फक्त 'दार उघड' किंवा 'दार मीट' म्हणायचं. ते कुठल्या चिपला कसं सांगायचं, हे एकाच फाइलला ठाऊक. त्यात तीन आठवडे गेले.

"तीन आठवडे!" सलिल तेव्हा कडाडला होता. "आणि बदललं काय? काहीच नाही! दार आधी उघडत होतं, तसंच उघडतंय." दीप्तीला ते फार लागलं होतं.

आता तिची बोटं नुसती पळत होती. नव्या चिपचं माहितीपत्रक एका खिडकीत, ती एकुलती एक फाइल दुसरीत. बाकीच्या शेकडो फाइलींकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पाऊण तासात तिने नवा कोड बोर्डात भरला आणि बटण दाबलं.

दार ढिम्म.

ग्लेनने घड्याळ पाहिलं. दीप्तीला संताप आला. सलिलनेच कुठेतरी घाईत चिपला हात घातला असणार, त्याची खोडच ती! तिने जुन्या चिपचा पत्ता सगळ्या कोडमध्ये शोधायला लावला. एकच ओळ सापडली. ती बापडी या बोर्डावर नसलेल्या चिपच्या उत्तराची वाट बघत बसली होती. वर तीन महिन्यांपूर्वीचा शेरा होता: 'तात्पुरतं आहे. उद्या काढते. – दीप्ती.'

तिचे कान तापले. सलिल तिच्या खांद्यावरून वाचत होता. आता हा महिनाभर पुरेल एवढं ऐकवणार.

"माझीच आहे," तीच आधी म्हणाली. "नियमही मीच केला, मोडलाही मीच."

"मग काढ ना लवकर!" सलिल म्हणाला. त्याची नजर ग्लेनच्या घड्याळावर होती.

तिने ती ओळ काढली. तिथे 'दार उघड' लिहिलं. कोड पुन्हा भरला, बटण दाबलं. मोटर घुरघुरली. दार सरसर वर गेलं आणि पाणी खळाळत ज्वारीत शिरलं.

"उघडलं! सलिल, उघडलं!" दीप्ती शेडमध्ये अक्षरशः नाचली.

ग्लेनने टोपी मागे सारली. त्याला काही कळेना. "दार तेच, तसंच उघडतंय. मग नव्या बोर्डाने बदललं काय, मेट?"

दीप्ती तोंड उघडणार, तेवढ्यात सलिलने छाती पुढे काढली.

"काही म्हणजे काहीच नाही, मेट! त्यासाठीच तर ही तीन आठवडे खपली होती."