तक्रारवहीतला चढ

पाचव्यांदा रबर फिरवला आणि कागद फाटला.

"फाटला का नकाशा?" बाबा दारातूनच म्हणाले. व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी त्यांनी कोपऱ्यात टेकवली.

मुलीने फाटलेल्या जागी मागून पट्टी चिकटवली. शनिवारी भूगोलाच्या बाई ठरवणार होत्या, प्रगत पेपरला कोणी बसायचं आणि साध्या पेपरवर कोणी समाधान मानायचं. काम एकच होतं. आपल्याच वस्तीचा आराखडा घ्यायचा, त्यावर दिलेल्या सात ठिकाणांच्या उंचीवरून बाकीचा चढउतार ओळखायचा आणि समोच्च रेषा काढायच्या. सारख्या उंचीच्या जागा एका रेषेत जोडायच्या, एवढंच. पण तिच्या रेषा एकमेकींना कापत होत्या, आणि समोच्च रेषा कधीच कापत नाहीत. "झेपेल तेवढंच उचलावं," असं बाई तिला भर वर्गात म्हणाल्या होत्या.

बाई बाबांना पाण्यात पाहत, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. बाबांचं काम टाकीचं पाणी सोडायचं. बाईंच्या नळाचं पाणी सगळ्यांच्या आधी जायचं, आणि हा माणूस मुद्दाम आपला व्हॉल्व्ह आवळतो, अशी त्यांची अकरा वर्षांची खात्री होती. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. बाबा तो कानापासून वीतभर लांब धरून ऐकायचे आणि तक्रारवहीत वेळ लिहायचे. खरं सांगायचं तर मुलीलाही कधीकधी शंका यायची.

बाबा नकाशावर वाकले. "ही टाकी ना? मग यात अवघड काय आहे?" त्यांचं बोट फिरू लागलं. "टाकीतलं पाणी उतरायला लागलं की पहिला फोन तुझ्या बाईंचा. सात-दहाला. मग शिंपी आणि दवाखाना, दोघं एकदमच. मग पिठाची गिरणी आणि न्हावी. बेकरीवाला सगळ्यांत शेवटी, पण देतो त्या शिव्या अगदी मनापासून."

"शिंपी आणि दवाखाना एकदमच का?"

"आता ते पाण्याला विचार. उंचावरच्या नळाचं आधी जातं. हे दोघं सारख्याच उंचीवर असतील."

मुलीने मान वर केली. "बाबा, वही आणा."

मग प्रत्येक घरावर तिने फोनची वेळ लिहिली. सारख्या वेळा जोडत गेली. दवाखान्यामागून निघालेली रेषा वळसा घेऊन शिंप्याच्या दारात आली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. एकही दुसरीला कापत नव्हती. जी माणसं एकाच वेळी शिव्या देत होती, ती एकाच रेषेवर राहत होती. मुलगी हसायला लागली ती थांबेचना. बाबांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

शनिवारी बाईंनी कपाटातला सरकारी नकाशा काढून तिच्या कागदाशेजारी ठेवला. त्या एकेका रेषेवरून पेन्सिल फिरवत गेल्या. रेषेला रेषा जुळत होती. मग पेन्सिल थांबली.

"इथे चुकलीस. माझं घर आणि बेकरी एकाच रेषेवर आहेत. तू मला टाकीपाशी नेऊन बसवलंस."

वर्ग खिदळला. बाईंनी रबर तिच्यापुढे सरकवला. "एवढी दुरुस्त कर, मी प्रगत पेपरच्या अर्जावर सही करते."

इतकं सोपं होतं. एक रेषा पुसली की पेपर तिचा. तिने रबर उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला.

"नाही पुसणार, बाई. नकाशा चुकलाय."

"सरकारी नकाशा चुकलाय? कशावरून?"

"तुमचा फोन सगळ्यांत आधी येतो."

आता कोणी खिदळलं नाही. बाई लाल झाल्या. पण बाई भूगोलाच्या होत्या. "चला, मोजू," त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर बाबा गवंड्याची पातळी बघायची पारदर्शक नळी घेऊन आले. बाईंचं घर वळणाच्या वर, बेकरी वळणाच्या खाली, एकावरून दुसरं दिसत नव्हतं. नळीत पाणी भरलं. एक टोक बाईंच्या उंबऱ्यावर मुलीने धरलं, दुसरं बेकरीवाल्याकडे दिलं. दोन्ही उंबरे सारखे असते, तर पाणी दोन्हीकडे उंबऱ्याशीच थांबलं असतं. खालच्या टोकातून ते सांडायला लागलं. बेकरीवाल्याने नळी कमरेपर्यंत उचलली, मग डोक्यापर्यंत. शेवटी तो स्टुलावर चढला, हात वर केला, तेव्हा पाणी सांडायचं थांबलं.

"हात भरून आला माझा!" तो ओरडला. "अहो बाई, तुमची घरांची ओळ भरावावर उभी आहे! रस्ता खोदला ती सगळी माती तिथेच टाकली होती. तुम्ही यायच्या किती आधी!"

नकाशा त्या भरावाहूनही जुना होता. बाई उंबऱ्याजवळ उभ्या राहिल्या, नळीतल्या पाण्याकडे बघत. मग त्यांनी अर्ज काढला, मुलीला वळायला सांगितलं आणि तिच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. बाबांशी मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बाबा नळी गुंडाळून निघाले. मुलगी अर्ज छातीशी धरून त्यांच्या पुढे उड्या मारत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सात-दहाला फोन वाजला. बाबांनी सवयीने तो वीतभर लांब धरला. काहीच ऐकू येईना. शेवटी कानाला लावावा लागला.

"पाणी गेलं," बाई हळूच म्हणाल्या. "तक्रार नाही हो. वेळ तेवढी लिहून ठेवा, तिला अभ्यासाला लागेल."