शुक्रवारचा फोन

सुलूने रिसीव्हर कानाला लावला, झटकला, पुन्हा लावला. आवाज नाही.

"मुडदा बशिवला त्या कंपनीचा!" ती म्हणाली आणि रिसीव्हर आदळला.

तिचा नवरा धर्माजी दारात चपला घालत होता. "आदळू नकोस. मी जातोय ना आता कंपनीत."

"रोज जाताय. आणि रोज काय घेऊन येताय? उद्या होईल, उद्या होईल!"

त्यांचा मुलगा साईराज मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा. त्यासाठीच तर हा घरात ठेवायचा बिनवायरचा फोन घेतला होता. देताना कंपनीचा माणूस काय गोड बोलला होता! तुमच्या जेसल पार्कात रेंज एकदम फुल, काकी, चोवीस तास सेवा. आता ती सेवा गेली खड्ड्यात. गेला शुक्रवार कोरडाच गेला. आज पुन्हा शुक्रवार, आणि फोन ढिम्म.

त्यात चिपळूणचं स्थळ लटकलेलं. मुलीचा फोटो साईराजला पाठवला होता. आवडली की नाही, एवढंच त्याने सांगायचं होतं. मुलीकडचे काही जन्मभर थांबणार नव्हते.

"आज मीच येते तुमच्याबरोबर," सुलू म्हणाली. "तुम्ही म्हणजे गरीब गाय. तुम्हाला ते गुंडाळून ठेवतात."

"तू यायचं नाहीस!" धर्माजी एवढ्या जोरात बोलला की ती दचकली. मग त्याने आवाज खाली आणला. "गर्दी असते तिथे. मी बघतो ना."

"तुम्हाला काही वाटतं की नाही हो? पोराच्या आवाजासाठी माझा जीव तुटतोय इथे!"

धर्माजी चपला काढून मोरीत गेला, बराच वेळ नळ सोडून उभा राहिला, तोंड पुसत बाहेर आला आणि निघून गेला. भांड्यांच्या कारखान्यात रोज खाडे पडत होते ते वेगळंच.

तो गेला आणि समोरची बेट्टी डबा घेऊन आली. बेट्टी मूळची उत्तनची, एरवी तोंडाची टकळी चालू असलेली बाई. हल्ली मात्र रोज काहीतरी घेऊन यायची आणि नुसतीच बसून राहायची.

"जेवून घे गो आधी. भात जास्त झाला."

"तुझा बरा रोज भात जास्त होतो! जेवण राहू दे, तुझा मोबाइल दे जरा. त्या कंपनीला चार शिव्या घालते."

"बॅलन्स न्हाय," बेट्टी म्हणाली आणि डबा तिथेच ठेवून लगबगीने गेली.

घ्या! या मोबाइलवाल्यांचंही तेच. उडदामाजी काळे गोरे, कुणाला बोलायचं? सुलूने डब्याकडे बघितलंही नाही. पर्स उचलली आणि खाली बूथवर गेली.

आधी साईराजचा नंबर लावला. बंद. मग कंपनीचा लावला. मराठीसाठी दोन दाबा. दाबला. तक्रारीसाठी चार दाबा. दाबला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई साखर घोळून सांगत राहिली आणि बूथचा मीटर पळत राहिला. मग लाइनच कटली.

आता मात्र सुलूचं डोकं फिरलं. तिने रिक्षाला हात केला आणि थेट मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळच्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन उतरली.

आत एसी गार होता आणि माणसं तापलेली. "मैंने आईएसडी किया ही नहीं, तो बिल कैसा?" एकजण काचेवर बिल आपटत होता. सुलूने सगळीकडे बघितलं. धर्माजी कुठेच नव्हता. म्हणजे स्वारी हात हलवत परतसुद्धा गेली! तिला नवऱ्याचाही राग आला.

काउंटरवर नेहा नावाची मुलगी होती. सुलूने नंबर सांगितला. नेहाने तो टाइप केला, स्क्रीनकडे बघितलं, मग सुलूकडे.

"हा फोन धर्माजी शिगवणांच्या नावावर आहे. तुम्ही त्यांच्या कोण?"

बायको म्हटलं, तर ही पोरगी उद्या त्यांना सांगणार आणि घरात तमाशा होणार. सकाळचा तो आवाज सुलूच्या कानात अजून होता. तिने बेधडक ठोकून दिलं. "बहीण. सख्खी. गावाहून आलेय."

आणि जन्मात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली सुलू ताडताड बोलत सुटली. "आमचा धर्माजी रोज येतो आणि तुम्ही त्याला टोलवता? लाज नाही वाटत? परदेशातून पोराचा फोन यायचाय त्याच्या! आज फोन चालू झाल्याशिवाय मी हलणार नाही इथून. बोलव तुझ्या मॅनेजरला!"

"बरोबर बोलतायत मावशी!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. वॉचमन पुढे आला. नेहाने त्याला हातानेच थांबवलं, काउंटर सोडून बाहेर आली आणि सुलूला दंडाला धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाणी नको मला. फोन पाहिजे."

"मावशी, हळू बोला," नेहा तिच्या कानाशी वाकली. "घरच्या आहात म्हणून सांगते. काका रोज नाही आले, एकदाच आले होते. फोनला काहीही झालेलं नाही. त्यांनीच बंद करायला लावलाय. हात जोडून रडत होते इथे. मस्कतहून मुलाची बॉडी येईपर्यंत घरी कुणाचा फोन यायला नको म्हणाले. तुमच्या वहिनींना त्यांनी अजून काहीच कळू दिलेलं नाही."