पहिल्या प्लेटचा निकाल

हेमांगीने बेल वाजवली, तर दारात वहिनीच हसत उभी. "ये गं! आज शर्वी एकटीने जिना चढली."

हेमांगीचा पाय उंबऱ्यातच अडखळला.

शर्वीच्या, तिच्या नऊ वर्षांच्या भाचीच्या, एका जनुकात बिघाड होता आणि त्याने तिच्या पायांतली ताकद जात होती. जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने तिला गुण येईल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून हेमांगीने प्रयोगशाळेत तोच बिघाड यीस्टमध्ये घडवला आणि त्याला ते जीवनसत्त्व दिलं. तीन दिवसांनी काचेच्या प्लेटवर पांढरे ठिपके उगवले, म्हणजे बिघाडामुळे न वाढणारं यीस्ट आता वाढत होतं. प्रयोग तीनदा केल्याशिवाय तोंड उघडू नका, असं विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या हेमांगीने त्याच दुपारी, औषध लागू पडेल म्हणून, वहिनीला फोन केला होता.

दुसरी प्लेट कोरी राहिली. तिसरीही. पहिलीत बिघाड नसलेलं, बाहेरचंच यीस्ट शिरलं होतं.

"वहिनी, मी फार घाई केली. ते औषध तिला बहुतेक लागू पडणार नाही."

"असं कसं? मी रोज बघतेय ना. सुधारतेय ती."

आत शर्वी भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघाली होती. दर दोन पावलांनी थांबत होती, गेल्या महिन्यात थांबायची तशीच. हेमांगीला ते दिसत होतं. तिने वहिनीचा हात धरला.

"मनात असलं की दिसतं, वहिनी. मलाही दिसलं होतं."

वहिनीने हात सोडवून घेतला आणि घड्याळात बघून ती शर्वीला गोळी द्यायला आत गेली.