एकाने फांदी धरायची

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या कुंपणाला जिथे तार वाकवलेली होती, तिथे सुतार थांबला. मागून येणारी मेहुणीही थांबली. त्याच्या हातात आकडी होती, तिच्या हातात पत्र्याची बादली.

"काय झालं दाजी? रस्ता विसरलात?"

"विसरायला काय झालं. सव्वीस वर्षं येतोय."

"मग चला की."

"आधी शब्द दे. ही जागा कुणाला सांगणार नाहीस."

"मी? मी कुणाला सांगणार?"

घरात तिला रेडिओ म्हणत. सुताराची बायको म्हणायची, बहीण माझी सोन्यासारखी, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बेरीची जागा तिला कळली तर पुढच्या वर्षी आपल्याला नुसते काटे उरतील. तो दरवेळी मान डोलवायचा. बायको जाऊन आठ महिने झाले होते, आणि आज तो नेमकं त्याच बहिणीला घेऊन आला होता.

दुसरा इलाज नव्हता. काल तो एकटाच येऊन गेला. झुडपं माणसाहून उंच, फांद्यांना काटे. एकाने आकडीने फांदी खाली ओढून धरायची, दुसऱ्याने बेरी तोडायची, असंच ते काम. त्याने आकडी काखेत दाबून पाहिली, गुडघ्यात धरून पाहिली. तासाभरात मूठभर बेरी मिळाली आणि शर्टाची बाही फाटली. तीन-चार दिवसांत उरलेली सगळी गळून मातीत गेली असती. ते त्याला बघवलं नसतं.

त्याने तार उचलली. "वाक. डोकं सांभाळ."

आत शिरल्यावर मेहुणीने वर पाहिलं. भट्टीच्या भिंतीवर चढलेली झुडपं काळ्या बेरीने लगडली होती.

"अगं बाई! इतकी? आणि आम्ही बाजारातली आंबट खातोय!"

"हळू बोल."

त्याने आकडी अडकवली, फांदी ओढली आणि तोंड फिरवून उभा राहिला. मेहुणी तोडू लागली. तोडता तोडता तिचं बोलणं चालू होतं, गुडघेदुखी, जावयाची नवी नोकरी, वरच्या मजल्यावरचा गळका नळ. मध्येच तिने बादली जमिनीवर दोनदा आपटली.

सुताराने फांदी सोडून दिली.

"आई गं!" काटे मेहुणीच्या दंडावरून ओढत गेले. "दाजी, डोळा फुटला असता माझा! सोडलीत कशाला?"

"तू बादली वाजवलीस."

"बेरी खाली बसावी म्हणून वाजवली."

"तुझ्या ताईची दोनदा वाजली की फांदी सोडायची," सुतार म्हणाला. "आमचं तसं होतं."

मेहुणीने रुमालाने रक्त पुसलं. मग म्हणाली, "आणा ती आकडी इकडे. मी धरते, तुम्ही तोडा. ताईची सवय लागलेल्या माणसाच्या हातात मी फांदी देणार नाही."

कालची मूठभर सोडली तर त्याने कधी तोडली नव्हती. पहिली बेरी बोटांतच चिरडली.

"ओढताय काय असं, खिळा उपटायचाय का? नुसतं बोट लावा. पिकलेली असेल ती आपणहून हातात येते. आता चाटा ते बोट, पुसू नका!"

त्याने बोट तोंडात घातलं. मग एक अख्खी बेरी खाल्ली.

"गरम आहे," तो म्हणाला.

"उन्हात होती, गरमच असणार. ताईने कधी झाडाखाली दिली नाही?"

"बादली भरेपर्यंत खायची नाही, असा नियम होता तिचा. घरी धुऊन वाटीत द्यायची. साखर घालून."

मेहुणी इतकी हसली की फांदी हलायला लागली. "नियम! ताईचा? अहो, लहानपणी एक बादलीत आणि दोन तोंडात. आईचा मार खाल्लाय तिने त्यासाठी. इतक्या वर्षांत तुम्ही पाहिलं नाही कधी?"

त्याने पाहिलं नव्हतं. काटे डोळ्यात जातील म्हणून तो तोंड फिरवून उभा राहायचा. सव्वीस वर्षं त्याने भट्टीचं धुराडं पाहिलं होतं.

"बादली भरायला वेळ फार लागायचा खरा," तो म्हणाला.

मग तो तोडत राहिला, खात राहिला. मेहुणीलाही देत राहिला, कारण तिचे हात गुंतलेले होते. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा बादली निम्मी भरली होती. दोघांनाही आणखी तोडायचा उत्साह नव्हता.

परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरीवाली दुकानाची पायरी धूत होती. तिने आधी बादलीत पाहिलं, मग दोघांच्या तोंडांकडे.

"कुठे मिळाली हो एवढी? वहिनींना दरवर्षी विचारायचे मी. हसून पुढे जायच्या. तुम्ही तरी सांगा."

सुताराने बादली या हातातून त्या हातात घेतली. मेहुणीने तोंड उघडलेलं त्याला दिसलं. आता मध्ये बोलूनही उपयोग नव्हता.

"पुलापलीकडे," मेहुणी म्हणाली. "जुनं पंपघर आहे ना, त्याच्या मागे. ढीगभर उरलीय अजून. उद्या सकाळीच जा, नाहीतर पाखरं ठेवायची नाहीत."

तिच्या हनुवटीवर जांभळा ओघळ होता, पण चेहऱ्यावरची एक रेघही हलली नव्हती.

बेकरीवालीचा विश्वास बसला नाही. ती सुताराकडे वळली. त्याने सांगितलेलं माप आजवर कधी चुकलं नव्हतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"खरंच का हो दादा? पंपघरामागे?"

सुताराने थोडा विचार केला.

"बूट घालून जा," तो म्हणाला. "तिकडे चिखल आहे."