गिअर पडत नव्हते

लष्कराने मोडीत काढलेला तो ऑटोमॅटिक ट्रक बाबांनी हौसेने घेतला, पण त्याचे गिअर कधी वेळेवर पडलेच नाहीत. दर रविवारी बाबा ट्रकखाली शिरायचे आणि लेक शेजारी टॉर्च धरून बसायची. तेल बदललं, फिल्टर बदलला, अख्खा गिअरबॉक्स उतरवून पाहिला, तरी ट्रक आपला गचके देतच राहिला.

"हा एकदा सरळ चालू दे, तुम्हा दोघींना सोडून मी निघालोच समज," बाबा म्हणायचे आणि ती खळखळून हसायची.

बाबा वारल्यावर तिने हट्टाने मिस्त्री बोलावला. त्याने इंजिनाकडून गिअरबॉक्सला जाणारी रबरी नळी काढून उजेडात धरली.

"दुखणं इथं आहे, ताई. नळी चांगली आहे, पण कुणीतरी सुईने टोचलीय. इथून हवा शिरते, म्हणून गिअर उशिरा पडतो."

घरात सुई एकीच्याच हाती असायची. नळी घेऊन ती तडक शिलाई मशीनपाशी गेली.

"आई, इतकी वर्षं बाबांना फुकट राबवलंस?"

आईने हाताने मशीनचं चाक थांबवलं.

 

"सोडून जाईन म्हणायचे ते. तुला ती थट्टा वाटायची."