बाबांचा फोटो

मिशी तिसऱ्यांदा सुटली तेव्हा तिने सरळ कवळी चिकटवायची पेस्ट काढली. दातांची डॉक्टर असण्याचा हा एक फायदा. नाटकवाल्यांच्या दुकानातून मिशीबरोबर मिळालेला डिंक अगदीच कुचकामी निघाला होता. पेस्टने मात्र मिशी अशी बसली की वरचा ओठच हलेना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

"ताई, अशी काय बोलतेयस? बरं नाही का?"

"मिशी लावलीय."

तो हसला. "म्हणजे तू खरंच करणार हे? आईला फसवणार?"

"फसवत नाही रे, जेवायला बसवतेय. तीन आठवडे झाले, रात्रीचं ताट तसंच परत येतं. 'हे आले की बसते' म्हणते. बाबा गेले, हे तिला रोज नव्याने सांगू? रोज नव्याने रडते ती. तू एकदा सांगून बघ."

"नको," भाऊ म्हणाला. "काढ फोटो."

अडचण अशी की बाबांचा धड फोटोच नव्हता. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, अख्ख्या गावाला 'हसा' म्हणून हसवलं, पण स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागे. लग्नातला एक फोटो होता. तो पाहून आई म्हणाली, "हा कोण पोरगा?" ओळखपत्रासाठी काढलेला दुसरा. त्यात ते समोरच्या फोटोग्राफरला सूचना देत होते, त्यामुळे तोंड उघडं आणि डोळे मिटलेले. "झोपलेत, झोपू दे," म्हणत आईने तो पालथा घातला.

मुलीचं म्हणाल तर आईच्या लेखी ती मुलगी राहिलीच नव्हती. पांढरा कोट घालून येते, गोळ्या देते, म्हणजे डॉक्टरीणबाई. आई तिला अहो-जाहो करायची, बसायला खुर्ची पुढे करायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती जिन्यात बसून ढसाढसा रडली होती. आता ती 'थँक्यू' म्हणून बसायची. दुखायचं मात्र तेवढंच. पण कपाळ बाबांचं, नाक बाबांचं, असं सगळे लहानपणापासून म्हणत आले होते. त्याचा तरी काही उपयोग व्हावा, एवढाच तिचा विचार होता.

जागा आयतीच होती. बाबांच्या स्टुडिओतच आता तिचा दवाखाना होता. रविवारची दुपार, दवाखाना बंद, आई वरच्या मजल्यावर झोपलेली. तिने माळ्यावरून जुना रंगवलेला पडदा काढला, झटकला, खिळ्यांना अडकवला. बाबांचं स्टूल, तीन पायांवर उभा राहणारा त्यांचा लाकडी कॅमेरा, राखाडी कोट, जाड भिंगांचा चष्मा. सगळं जागच्या जागी मांडलं आणि समोर स्वतःचा कॅमेरा लावला. तिने आजवर काढलेले फोटो म्हणजे दाढांचे. दाढ बिचारी एका जागी बसते.

फोकस कुणावर करायचा? स्टुलावर उशी उभी केली, उशीला चष्मा लावला. उशीचा फोटो सुरेख आला. खरं सांगायचं तर ती थोडी बाबांसारखी दिसतही होती.

मग टायमर. दहा सेकंद. बटण दाबायचं, धावायचं, बसायचं, कोट नीट करायचा, आणि शांत दिसायचं. पहिल्या फोटोत नुसती पाठ आली. दुसऱ्यात ती स्टुलावरून घसरताना दिसली. पुढच्या चारांत चष्म्याच्या काचांवर दिवा चमकला. दिवा बाजूला सरकवला, तर त्या जाड भिंगांतून कॅमेराच दिसेना. तीन फोटोंत ती भलतीकडेच, हात धुवायच्या बेसिनकडे प्रेमाने बघत होती.

आणि एकाही फोटोत बाबा नव्हते. होती ती मिशी लावलेली दमलेली बाई.

ती तशीच स्टुलावर बसून राहिली. बाबा कसे बघायचे, ते आठवू लागली. समोरच्याचा अवघडलेपणा जायची वाट बघत, जराही घाई न करता. आणि मग हळूच एक वाक्य. ती उठली, बटण दाबलं, न धावता येऊन बसली आणि त्यांच्याच सुरात म्हणाली, "हनुवटी जरा खाली."

क्लिक.

तिने हा फोटो पाहिला. समोर बाबाच होते. पाच महिन्यांनी दिसले होते. तिला भरून आलं. मिशीसकट ती रडली, आणि पेस्ट तरीही सुटली नाही.

संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि आईसमोर फ्रेम ठेवली.

"त्यांनी स्टुडिओतून पाठवलाय," ती म्हणाली. हे वाक्य तिने दिवसभर घोकलं होतं. "आज काम फार आहे, उशीर होईल म्हणाले. तुम्ही जेवून घ्या."

आईने फ्रेम उचलली, दिव्याजवळ नेली. बराच वेळ बघत राहिली. काचेवरून बोट फिरवलं. मग हसली, फ्रेम आपल्या पाण्याच्या भांड्याला टेकवून उभी केली आणि ताट पुढे ओढलं.

एक घास. दुसरा. तिसरा. मुलीने ताटात आणखी थोडा भात वाढला.

चौथा घास गिळून आई तिच्याकडे वळली आणि आवाज खाली आणून, तिला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला कुणीतरी फसवलं हो. हे आमचे हे नव्हेत, ही माझी मुलगी आहे. मिशी लावली म्हणून आई काय लेकीला ओळखणार नाही?"