पाठी ओळखण्याचा हुकूम

हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात घेणाऱ्या शिपायानं गाडीतल्या पोत्यांना हातही लावला नाही. सरळ कडब्याखाली हात घातला आणि पत्र्याचा चपटा गोल डबा ओढून काढला.

"ये क्या है, बाई?"

"पापडाचा डबा," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज घट्ट होता. डबा कुठं लपवलाय हे शिपायाला बराबर ठाऊक होतं. कुणीतरी चुगली केली होती.

डब्यात फिल्म होती. सगुणाबाईंचा धाकटा भाऊ मार्तंड पकडवॉरंट चुकवून वर्षभर हद्दीपलीकडं बऱ्हाडात राहत होता. पळण्याआधी केदारखेड्याच्या चावडीवर गावकऱ्यांनी बंदी असलेला तिरंगा चढवला, ते त्यानं कॅमेऱ्यात घेतलं होतं. गावानं ते एकदा तरी पडद्यावर पाहावं, एवढाच त्याचा ध्यास. "अक्का, डबा तेवढा गावात ने, पुढचं मी बघतो," असं तो म्हणाला होता. आता बघायला उरलं काय?

भोकरदन ठाण्याचे पोलीस अमीन मात्र लग्नघरासारखे खुलले. गुन्हेगार आयते फिल्मवर! ओळख पटवायला तेवढं गाव हवं. त्यांनी तंबू सिनेमावाल्याचं मशीन इंजिनासकट उचलून आणलं, जमावबंदी तेवढ्यापुरती उठवली आणि दवंडी पिटली: जो हजर राहणार नाही त्याला कोठडी. भर दुपारी कापसाच्या गोदामाची दारं लावून अंधार केला. सगुणाबाईंना अटक न करता पुढं बसवलं. मार्तंडाची बहीण, सगळ्यांना ओळखत असणार.

पडद्यावर चावडी आली. निशाण वर चढलं. माणसं नाचली. पण मार्तंडानं सगळं पाठीमागून घेतलेलं. एकाचंही तोंड दिसेना.

"पाठ तर पाठ!" अमीनसाहेब गरजले. "औरतों, अपने घरवालों को पहचानो!"

दुर्गाबाईंचा नवरा झेंड्याच्या दिवसापासून बऱ्हाडात होता. त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "बंडीवाली पाठ आमच्या मालकांची, साहेब."

"शाबास! नाम?"

दुर्गाबाईंनी पदर दातात धरला. "अगं बया! मालकाचं नाव कसं घेऊ?"

"तो तुम बोलो!" साहेब शेजारच्या नंदाबाईकडं वळले.

"मला ते चुलतसासरे लागतात. जीभ झडंल की."

"और तुम?"

"मला माझ्या मार्तंडाची पाठ तेवढी ठावी. ही त्याची न्हाई वाटत," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा एकदा दाखवा बरं."

साहेबांनी पुन्हा दाखवलं. मंग चिडून आणखी एकदा. निशाण चढताच अंधारातून एक टाळी पडली, मंग दुसरी, मंग सगळं गोदाम दणाणलं. दारावरचा एक शिपाईही वाजवून राह्यला होता.

"कौन है?" साहेब ओरडले. कुणी कुणाचं नाव सांगेना.

पुढच्या बाजारादिवशी सगुणाबाई वाट वाकडी करून बऱ्हाडातल्या फरारी लोकांच्या छावणीत गेल्या. मार्तंड फिल्म गुंडाळत होता.

"पोट भरून पाह्यलं रे गावानं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दुर्गाबाई म्हणाली, मालक वर्षानं दिसले. पर आधी तो चुगलखोर शोध. माझ्या हवाली कर त्याला, मंग बघते."

मार्तंडानं मान डोलावली. नवीकोरी प्रत डब्यात ठेवून झाकण दाबलं आणि दाराकडं हाक मारली.

"भुजंगा, ये, आधी अक्काच्या पाया पड. मंग जल्दी मंठ्याला जा आणि तिथल्या अमीनाला सांग, डबा या खेपेला सरकीच्या पोत्यात हाय."